मागच्या दाराशी

सीमा ओलांडताच नेस्टलर बसमध्ये उभा राहिला आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्याने परत मागून घेतले.

फोल्कमार टिट्झेचा पासपोर्ट त्याने पँटला पुसला.

“घाम कसला फुटलाय, टिट्झे? सामना उद्या आहे.”

कोणी हसलं नाही. नेस्टलर ना प्रशिक्षक होता, ना डॉक्टर. संघ पश्चिम जर्मनीत खेळायला निघाला की तो बरोबर यायचा. त्याचं काम एकच. पूर्व जर्मनीतून जितके नेले, तितके परत आणायचे.

मागच्या बाकावर कुजबुज झाली. हंगेरीने म्हणे सोमवारी ऑस्ट्रियाकडची सीमा मोकळी केली. आपले लोक तिकडून पश्चिमेत पळताहेत.

नेस्टलरने मान वळवली. “पळू देत. तुमच्या बायका घरीच आहेत ना? तेवढा जामीन आम्हाला पुरतो.”

फोल्कमार खिडकीबाहेर बघत राहिला. 

तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हालेच्या संघात अकरा वर्षं बचावाला उभा होता. उन्हाळ्यातल्या एका सामन्यानंतर पश्चिमेतल्या ब्रेमेनच्या क्लबसाठी खेळाडू हेरणारा वीगांट गर्दीत त्याला चिकटला होता. “तुझ्या पायात अजून पाच चांगली वर्षं आहेत. ती कुठे घालवायची ते तू ठरव.” फोल्कमारने फक्त होकाराची मान डोलावली होती. त्या दिवसापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी तो दाराला कान लावी.

इल्काला, बायकोला, त्याने काहीच सांगितलं नव्हतं. कोणी पळणार हे ठाऊक असून न कळवणं हाही गुन्हा होता; तिला नंतर शपथेवर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता यायला हवं होतं. मागे राहिलेल्या बायकांना दोन-तीन वर्षांत नवऱ्याकडे पश्चिमेत सोडतात, असं लोक म्हणत. सोडत नाहीत, असंही म्हणत.

सकाळी त्याची बॅग तिनेच भरली होती. तिला त्यात जाड लोकरी स्वेटर ठेवताना बघून तो म्हणाला, “अगं, दोन दिवसांसाठी?”

“उत्तरेत गारठा असतो.”

“सप्टेंबरात?”

“असू दे रे. जड नाहीये.” मग दारात त्याची कॉलर सारखी करत ती म्हणाली, “चांगला खेळ. इथली काळजी करू नकोस.”

सामना ते दोन-शून्यने हरले. शिट्टी वाजल्यावर ब्रेमेनचा एक खेळाडू जर्सी बदलायला जवळ आला. गळाभेट घेताना कानात म्हणाला, “उद्या साडेदहा. तुम्हाला खरेदीला नेतील त्या दुकानाच्या मागच्या दाराशी. हिरवी गाडी.”

गुरुवारी सकाळी सगळ्यांना खरेदीला तासभर मिळाला. चार मजली दुकान होतं. नेस्टलर पुढच्या दारात सिगारेट ओढत थांबला. खोलीतला जोडीदार, गोलरक्षक डेटलेफ, फोल्कमारच्या मागे मागे फिरत होता.

“तुला काय घ्यायचंय?”

“इल्कासाठी काहीतरी.”

“मग बायकांचे कपडे वर आहेत. तू खाली कशाला बघतोस?”

“तू हो पुढे. आलोच.”

डेटलेफ वर गेला. तो नेस्टलरला सांगेल का? फोल्कमारला कळेना. सहा वर्षं ते एका खोलीत झोपत होते, तरी कळेना.

मागचा जिना अरुंद होता. खाली लोखंडी दार, दाराला काचेची झडप. बाहेर हिरवी गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. आत वीगांट घड्याळ बघत होता.

फोल्कमारने कडीवर हात ठेवला. बारा पावलं. मैदानावर बारा पावलं म्हणजे काहीच नाही.

इल्का काम करते त्या कारखान्याच्या फाटकातून दोन माणसं तिला बाहेर आणताहेत, असं त्याला दिसलं. एक खुर्ची, टेबलावरचा दिवा. ‘मला माहीत नव्हतं,’ ती म्हणतेय, आणि कोणी विश्वास ठेवत नाहीये.

कडी थंड होती. त्याने हात काढून घेतला आणि वळला.

नेस्टलर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता.

“वाट चुकलास?”

“संडास शोधत होतो.”

“सापडला?”

“नाही.”

नेस्टलर एकेक पायरी उतरत आला. त्याने झडपेतून बाहेर पाहिलं. गाडी निघून जात होती. मग त्याने कडी ओढून दार बंद आहे ना ते तपासलं.

“वर आहे,” तो म्हणाला. “चल, दाखवतो.”

 परतीच्या बसमध्ये सीमेवरचा पट्टा मागे पडला आणि फोल्कमारला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. ब्रेमेन गेलं, ती पाच वर्षं गेली. आणखी दोन हंगाम, मग एखाद्या शाळेत शिट्टी वाजवायची. वाजवू. संध्याकाळी स्वयंपाकघरात इल्का असेल, तिला तो सगळं सांगेल. कुजबुजत, कोणी ऐकू नये म्हणून नळ सोडून, पण सांगेल.

पाच वाजता तो तिसरा मजला चढला. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. तो हसला.

स्वयंपाकघरात शेजारच्या झायडेलबाई होत्या. टोपलीत वर्तमानपत्र अंथरून त्या इल्काच्या बशा रचत होत्या. त्याला पाहताच त्यांच्या हातातली बशी खाली पडली.

“अरे देवा! तुम्ही इथे कसे?”

“इल्का कुठे आहे?”

“मंगळवारी दुपारीच गेली. कारखान्याची सहल होती, बालातोन तलावावर.”

“हंगेरीला?”

झायडेलबाईंनी एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं. ‘गुरुवारी उघडा’ असं वर इल्काच्या अक्षरात होतं. आतली चिठ्ठी उघडून त्यांनी त्याच्यापुढे धरली.

‘झायडेलबाई, भांडी तुम्ही न्या. फोल्कमार आता परत यायचा नाही. तो बोलला नाही, पण मला कळलंय. माझ्या पायी त्याचं पाऊल अडू नये म्हणून मीही बोलले नाही. ऑस्ट्रियामार्गे मी त्याच्याकडेच निघालेय.’