पट्टी बघायला गेलेला माणूस

बॉक्सिंगची ही लढत जिंकली तर लॅव्हेलला तीन गोष्टी मिळणार होत्या: टीव्हीवरची दहा फेऱ्यांची लढत, बरा मॅनेजर आणि सासऱ्याच्या कार वॉशमधून कायमची सुटका. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात गाड्यांच्या पोटाला चिकटलेलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्याइतकं मन लावून कोणी खरवडत नसे. पगार मात्र जावयाचा, म्हणजे मिळाला तर मिळाला.

समोर टोलेडोचा हेक्टर होता. त्याच्या डाव्या हुकने, बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने, अकरा जणांना झोपवलं होतं. प्रशिक्षक क्लेमंटने सहा आठवडे एकच घोकून घेतलं होतं: त्या डाव्यापासून लांब राहायचं, आणि तो जरा मंदावला की आत घुसायचं.

लढतीआधी प्रतिस्पर्ध्याच्या हाताला पट्ट्या बांधतात तेव्हा आपला एक माणूस तिथे उभा राहतो. आत काही लबाडी नको म्हणून. सासरेबुवा ऑरविल आपणहून उठले. "मी जातो. घरचा माणूस बरा."

परतले ते कपाळ पुसत.

"कसा आहे डावा?" क्लेमंटने विचारलं.

"हात नाही तो, हातोडा आहे. पट्टी आवळताना असे दात खाल्ले त्याने! पोरा, लांबच राहा."

"आत घुसायचंच नाही?" लॅव्हेल म्हणाला.

"घुस की. विम्याचे कागद कुठे ठेवलेत तेवढं माझ्या लेकीला सांगून जा."

लॅव्हेल आठही फेऱ्या लांब राहिला. इतका, की मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, त्याला टॅक्सी बोलवा!" हेक्टरचा डावा हनुवटीला चिकटून होता, हललाच नाही. उजव्याने तो टुकटुक मारत राहिला आणि गुणांवर जिंकला.

नंतर हेक्टर कपडे बदलायच्या खोलीत भेटायला आला. डावा हात गळ्यातल्या झोळीत.

"भाऊ, आज सकाळी बर्फावर घसरलो. मनगट गेलं. एकदा जरी आत आला असतास ना, मी संपलो होतो."

"आमच्या माणसाला दिसलं नाही?"

"दिसलं की! भोपळ्यासारखं सुजलं होतं. पण कोणाला एक शब्द बोलला नाही बिचारा. उलट जाताना कानात म्हणाला, 'बाळा, यावर बर्फ लाव.' देवमाणूस!"

सोमवारी सकाळी सात वाजता ऑरविलने कार वॉश उघडलं आणि हजेरी घेतली. एकही माणूस कमी नव्हता.