माणशी बारा वॅट

"वर्षभरात गार पडली तुझी गोधडी! निफाडच्या थंडीत मरू का मी?" म्हाताऱ्या बोरस्तेकाकांनी विजेची गोधडी रेश्माच्या दुकानातल्या टेबलावर टाकली.

रेश्माने गोधडीतली रोजची नोंद पडद्यावर आणली. "बारा व्होल्टला आधी दोन अँपिअर घ्यायची. म्हणजे रोध सहा ओहम, शक्ती चोवीस वॅट. दिवाळीपासून एकच अँपिअर घेतेय. रोध दुप्पट, शक्ती निम्मी."

"म्हणजे बिघडलीच!"

"नाही काका. हिच्या धाग्यांना जिथे अंग लागतं, तिथूनच वीज वाहते. माणशी एक अँपिअर, बारा वॅट. तुमचे बारा तुम्हाला मिळताहेत."

"मग मला थंडी का वाजते?"

रेश्माने विचारलं, "काकू कुठे झोपतात?"

"आतल्या खोलीत. मी घोरतो म्हणे. दिवाळीपासून..." काकांनी गोधडीची घडी केली आणि ती काखोटीला मारून निघाले.

दुसऱ्या दिवशी रेश्माला भाजीबाजारात काकू भेटल्या. डोळे तांबारलेले, कानांत अजून कापसाचे बोळे.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं," गवारीच्या शेंगा निवडत काकू म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. "पण सकाळी त्या गोधडीच्या उबेतून उठवत नव्हतं बघ."