मागची तारीख

बाबांना जाऊन महिना झाला होता. मी डोंबिवलीत आईजवळ राहून त्यांच्याच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करत होते. आमच्या प्रोग्रॅमची ठाण्याच्या सर्व्हरशी संकेतबद्ध जोडणी व्हायला हवी होती. ऑफिसात ती व्हायची, इथे तुटायची. तीन दिवस मी ओळन् ओळ तपासली. इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं. "अगं, फोन मोकळा कर जरा," आई अधूनमधून म्हणायची.

चौथ्या दिवशी ऑफिसातून गुरुदत्तने विचारलं, "हेमा, मशीनची तारीख बघितलीस का?"

मशीनवर ३ जून होता. बाहेर नोव्हेंबर चालू होता. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र सप्टेंबरपासूनचं, म्हणजे या मशीनच्या मते ते अजून लागूच झालं नव्हतं. मी तारीख बरोबर केली. जोडणी लगेच झाली.

इतकं हलकं वाटलं की बाबांनी लिहीत आणलेल्या आठवणी मी पहिल्यांदाच उघडायला गेले. पडद्यावर आलं, मराठी टायपिंगच्या मोफत प्रतीची तीस दिवसांची मुदत संपली आहे.

"तारीख बदललीस का गं?" आई दारातून म्हणाली. "ती मोफत प्रत बंद पडू नये म्हणून बाबा रोज तारीख मागे घ्यायचे. आता मी घेते. चहानंतर एकच पान वाचते. काल त्यांना आंबिवलीची नोकरी लागली. आता आमचं लग्न येईल."

मी घाईघाईने ३ जून परत टाकला. पडद्यावर तेच वाक्य आलं; खरी तारीख एकदा पाहिल्यावर ती प्रत आता फसत नव्हती. पुन्हा टाकला. तेच.

आईने माझ्या मागे उभं राहून ते वाचलं.

"तुझं काम झालं ना पण?" तिने विचारलं.