मंगळवारचं पाणी

तिसऱ्या मंगळवारीही पाणी नापास झालं, तेव्हा ती पंपघराच्या पायरीवर बसून चक्क रडली.

"पुढच्या खेपेलाही असंच आलं तर गाशा गुंडाळा म्हणालेत सर," ती म्हणाली. "म्हणजे माझं इथलं येणंही संपलं, मामा."

मामा म्हणजे पंपघराचे राखणदार. सख्खे नव्हेत, पण या शहरात तिला दुसरं होतं कोण? चांगली नोकरी सोडून ती पर्यावरण अभियांत्रिकी शिकायला आलेली. वसतिगृहातल्या पोरी तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्या हिच्याशी बोलणार काय, कपाळ? जेवताना एकटी, खोलीत एकटी. मामांचंही तेच. बायको गेलेली, मुलगा फोन उचलत नाही. मंगळवारी डबा वाटून खायला दोघांना दोघं.

शेजारच्या रंगाच्या कारखान्यानं वस्तीच्या विहिरीत शिसं उतरवलं होतं. वस्ती टँकरवर जगत होती. मामांनी विहिरीचं पाणी छपरावरच्या टाकीत चढवायचं. तिथून ते तिच्या गाळणीतून, म्हणजे खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून, खालच्या नळाला यायचं. ते शुद्ध निघालं तरच तिला पदवी आणि वस्तीला घरचं पाणी.

तिनं कोळसा बदलला. चौथ्या मंगळवारी यंत्रावरचा आकडा धाडकन खाली आला.

"अहो मामा, शिसं जवळजवळ नाहीच!"

"बघ! उगाच डोळे गाळत होतीस, इंजिनीअरबाई." मामांचा सदरा चिंब भिजला होता. उकाडाच तेवढा होता.

विहिरीचं पाणी तिनं पहिल्याच दिवशी तपासून ठेवलं होतं. विहीर काय दर आठवड्याला बदलते? त्यामुळे ती आता फक्त खालच्या नळाचं पाणी घ्यायची. पुढचे अकरा मंगळवार आकडा हलला नाही. मामांची कंबर तेवढी धरायला लागली.

"पदवी मिळाल्यावर विसरशील मला," एकदा ते म्हणाले.

"काहीतरीच तुमचं! तपासायला दर मंगळवारी यायचंच आहे."

गुरुवारी मामांची सुट्टी. त्या गुरुवारी ती पहिल्यांदाच त्यांच्या खोलीवर गेली. एक खाट, एक ताट, एक पेला. मामा तिला बघून इतके हरखले की बसायला काय द्यावं हेच त्यांना सुचेना.

"बसत नाही, आधी ऐका! मंजुरी आली. बदलीच्या माणसानं सकाळीच पंप सुरू केला. सगळी वस्ती आपलं पाणी पितेय, मामा! बाळांना दूधसुद्धा त्यातच कालवलं. टँकर आजपासून कायमचा बंद."

मामा खाटेवर बसले.

"टँकर बंद?" ते म्हणाले. "मग मंगळवारी टाकीत ओतायला चांगलं पाणी मी कुठून आणू, पोरी?"