पडलेल्या पंखाची बाजू

विमान पाठमोरं जात होतं तोवर मास्तरीणबाईंना काही जड गेलं नाही. रिमोटची दांडी डावीकडे सारली की पंखाच्या कडेची पट्टी हलायची आणि विमान डावीकडे कलायचं, उजवीकडे सारली की उजवीकडे. अगदी शहाण्या पोरासारखं. पण आता ते मैदानाच्या टोकाला वळलं आणि तोंड करून त्यांच्याकडे यायला निघालं. समोरून येणाऱ्या विमानाचं सगळं उलटं असतं. आपली डावी ती त्याची उजवी. नवशिक्यांची विमानं मोडतात ती इथंच.

"काकू, येतंय हां," शेजारी उभे असलेले दातांचे डॉक्टर म्हणाले. "आठवतंय ना?"

"तीन महिने दुसरं काय घोकतेय मी."

मागे झाडाच्या सावलीत, चाकांच्या खुर्चीत त्यांचे यजमान, मास्तर, बसले होते. विमान त्यांचंच. घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर, हलक्या लाकडाची एकेक काडी चिकटवून बनवलेलं. पंख पिवळे, पोटाला लाल पट्टा. याच मैदानावर त्यांनी निम्म्या शहराला विमान उडवायला शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे झापलं. मास्तर "डावीकडे" म्हणून ओरडले की कुंपणापलीकडचे सायकलवालेसुद्धा डावीकडे वळायचे. त्यातला एक अजून घरी पोचलेला नाही म्हणतात. डॉक्टरांनी पहिल्यांदा विमान जमिनीवरून उचललं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "दाढ उपटतोयस का? हळू." एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला "छान" म्हटलेलं कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

आणि थट्टा बघा नशिबाची. झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि शब्दांच्या तेवढ्या मोठ्या गोदामात एकच शब्द मागे राहिला. छान. चहा सांडला, छान. पायात गोळा आला, छान. बायको रडतेय, छान.

"जिथं ते सगळ्यात जास्त बोलायचे तिथं न्या त्यांना," बोलायचे धडे देणारी मुलगी म्हणाली होती. "एखादा शब्द सुटून येतो कधीकधी."

म्हणून हा सगळा खटाटोप. कोणता शब्द हवा, तेही मास्तरीणबाईंनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. लाडाचा नकोच होता. "गाढवा" चाललं असतं.

मघाशी त्यांनी विमान जमिनीवरून नीट उचललं, तेव्हा मागून आवाज आला, "छान." सरळ नेलं. "छान." टोकाला वळवलं. "छान." तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. नीट उडणाऱ्या विमानावर हा माणूस कधी बोललाय? त्याची जीभ सुटायची ती चूक दिसली की.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि समोरून येणाऱ्या विमानाचा डावीकडे दिसणारा पंख खाली गेला. काय करायचं ते मास्तरीणबाईंना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मास्तरांचाच नियम तो. डावं-उजवं विसरा, जो पंख पडलाय त्या बाजूला दांडी सारा. पडणाऱ्याला टेकू द्या.

त्यांचा अंगठा दांडीवर तसाच राहिला.

"काकू, डावी."

त्यांचं लक्ष मागे होतं.

"काकू, डावीकडे घ्या."

"थांबा जरा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना सांगू दे."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रिमोटकडे निघालेला हात त्यांनी अर्ध्यातून मागे घेतला.

पिवळा पंख आणखी झुकला. विमान गवताच्या जवळ येत चाललं. मास्तरांच्या घशातून काहीतरी वर यायला लागलं, किल्ली जास्त पिळलेल्या घड्याळासारखी खरखर. मास्तरीणबाई मनात म्हणत होत्या, बोला. शिवी घाला. माझं माहेर काढा.

"छा," मास्तर म्हणाले. "छा... छान. छान. छान."

तेव्हा मास्तरीणबाईंनी दांडी सारली. उशीर झाला होता. पंखाचं टोक जमिनीला लागलं, विमान गर्रकन फिरलं आणि रिकामं खोकं पायाखाली यावं तसा आवाज झाला.

डॉक्टर मैदानात चालत गेले. मास्तरीणबाई गळ्यातला रिमोट तसाच घेऊन खुर्चीपाशी आल्या आणि गवतात गुडघ्यांवर बसल्या.

"अहो, मुद्दाम केलं मी," त्या म्हणाल्या. "मला येत होतं. ऐकताय ना? तुमचं विमान मी मुद्दाम मोडलं. आता तरी काहीतरी म्हणा."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठांचा उजवा कोपरा लोंबत होता. मग चालत होता तो डावा हात मांडीवरून उचलून त्यांनी पुढे आणला, दांडीवर तसाच राहिलेला बायकोचा अंगठा चाचपून धरला आणि डावीकडे सारला. हिसका न देता, हळू. सोडला. पुन्हा सारला.

"छान," ते म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "डावीकडे. कळलं."

मास्तरांनी अंगठा सोडला नाही, दांडी सारत राहिले.

मैदानाच्या मधोमध डॉक्टर विमान उचलून उभे राहिले होते. मोडका पिवळा पंख आतल्या तारेवर लोंबत होता आणि त्याच्या कडेची पट्टी खाली झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली.