बोटीसाठी दोन

धाकट्या सुनेला दिवस गेले, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या बेटावर दवाखाना नाही, दवाखान्याची बोटही नाही. नियम असा, की एका सरकारी वर्षात दोन माणसं उपचारांवाचून बेटावरच मेली, तर बोट मंजूर. आम्ही आजारी माणसाला मासेमारीच्या होडीत घालून पलीकडे न्यायचो. तो तिकडे दगावला, की मोजणीही तिकडेच. त्या वर्षी मात्र वादळामुळे एक म्हातारा इथेच गेला.

"आता एकच कमी पडतोय," पंचायतीचा कारकून चहा ढवळत म्हणाला.

सरकारी वर्ष संपायला आठवडा उरला आणि माझी बायको तापाने अंथरुणाला खिळली. मी होडी काढली, तर म्हणाली, "राहू द्या हो. जगून कुणाच्या मोजणीत आले नाही, मरून तरी येऊ द्या. सुनेच्या बाळंतपणाला बोट हवी."

सून पाया पडली. "आई, नका ना असं करू."

"तू गप बस. तुझे दिवस भरत आलेत."

शेवटपर्यंत ती होडीत बसली नाही.



सरकारी वर्ष मंगळवारी संपलं. माझी बायको बुधवारी सकाळी वारली.