रिकाम्या किल्ल्याचा डाव

सोसायटीचे अध्यक्ष डोईफोडे सर वरच्या हॉलची दारं सताड उघडून, पेटी पुढ्यात घेऊन एकटेच बसले होते. आज त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव होता. विरोधक घैसास बारा माणसं घेऊन येणार होते, आणि सरांची माणसं घरोघरी क्रिकेटची फायनल बघत बसली होती.

पण सरांनी तीस वर्षं चीनचं राजकारण शिकवलं होतं. सैन्य नसलेल्या एका चिनी सेनापतीने किल्ल्याचे दरवाजे उघडे टाकले आणि तटावर बसून निवांत वाद्य छेडलं. आत नक्की दगा आहे असं वाटून शत्रू माघारी पळाला. ही गोष्ट सरांनी इतक्यांदा सांगितली होती की पोरं त्यांनाच ‘सेनापती’ म्हणायची.

जिन्याखाली घैसासांचा आवाज आला. सरांनी भूप वाजवायला घेतला. खाली कुजबुज झाली आणि पावलं चक्क परत फिरली.

सर धावतच जिना उतरले. खाली त्यांची बायको उभी होती.

“अगं, पळाले. इतका जुना चिनी डाव, पण आजही लागू पडतो.”

“पडतो ना,” ती म्हणाली आणि बाजूला झाली. पहिल्या पायरीपाशी चपलांचे चाळीस जोड ओळीने मांडलेले होते. “आता हे उचला. मॅच संपायच्या आत ज्याच्या त्याच्या दारात गेले पाहिजेत, आणि कुठला कुणाचा ते मी विसरलेय.”

सेनापतींनी दोन्ही हातांत चपला घेतल्या.